शर्यत त्याची, बातमीही त्याचीच: एका क्रीडा दैनिकाची पत कशी वाचायची



पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: संशोधनात वर्तमानपत्राचा पुरावा चालतो का? आपण विज्ञान शाखेतून आलेलो असलो की उत्तर ठरलेलं असतं. छापून आलेली बातमी म्हणजे कच्चा माल, खरा पुरावा प्रयोगशाळेतला. इतिहास किंवा समाजशास्त्राकडून आलेले काही जण दुसऱ्या टोकाला असतात. जुन्या पेपरात छापलंय ना, मग ते झालंच असणार! दोन्ही उत्तरं घाईची आहेत. पेपर चालतो की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. त्या पेपरला त्या बातमीतून काय मिळणार होतं, इथून सुरुवात करायला हवी.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आज एका पेपरचाच इतिहास बघू. पॅरिसहून निघणारं 'लेकिप' हे निव्वळ खेळाचं दैनिक. अख्ख्या फ्रान्समध्ये वाचलं जातं आणि युरोपभर त्याचा शब्द मानला जातो. त्याचा पूर्वज म्हणजे 'लोतो'. या दोघांची मिळून सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे.

भिवंडीत बसून पॅरिसच्या पेपरचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या गावच्या धंद्याची एक रीत इथे फार उपयोगी पडते. इथले कितीतरी माग मजुरीवर चालतात. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून देतो. कापड परत गेलं की त्यातली खोट काढणारा, मोजणारा आणि मजुरीतून पैसे कापणारा पुन्हा तोच व्यापारी. तो लबाडी करतोच असं नाही. पण मोजणाऱ्याचा त्यात फायदा-तोटा आहे हे ध्यानात ठेवूनच त्याचा आकडा वाचायचा असतो, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. 'लोतो'ची गोष्ट नेमकी अशीच आहे.

कापडाच्या गावाने पेपरला लिहिलेलं पत्र

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ रूबे नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ते कापडगिरण्यांवर वाढलं. तिथल्या तेओदोर व्हियेन आणि मोरिस पेरेझ या दोन कापड उत्पादकांनी १८९५ मध्ये गावात सायकल शर्यतींसाठी गोल धावपट्टीचं मैदान उभारलं. आता मैदान आहे, पण गावाकडे बघतो कोण? मग त्यांनी पॅरिसच्या 'ल व्हेलो' या क्रीडा दैनिकाला पत्र लिहिलं: पॅरिसहून निघून आमच्या मैदानात संपणारी एक शर्यत घेऊ या, तुम्ही साथ द्या. १९ एप्रिल १८९६ रोजी पहिली पॅरिस-रूबे शर्यत झाली. ती आजही होते आणि जगातल्या सर्वांत खडतर शर्यतींत गणली जाते.

इथे थांबून बघा. दोन कारखानदारांना गावाचं नाव हवं होतं, पेपरला बातमी हवी होती. दोघांनी मिळून एक घटना तयार केली, आणि ती घटना 'बातमी' म्हणून छापून आली. म्हणजे या धंद्यात अगदी सुरुवातीपासून बातमी आणि घटना यांचा क्रम उलटा होता. आधी बातमीची गरज निर्माण झाली, मागून शर्यत आली.

भांडण राजकारणाचं, पेपर खेळाचा

'ल व्हेलो' १८९२ मध्ये निघालं होतं. ते हिरव्या कागदावर छापायचे. संपादक पिएर जिफार हा कसलेला पत्रकार. तेव्हा फ्रान्स ड्रेफस प्रकरणाने दुभंगलेला होता. ड्रेफस हा ज्यू लष्करी अधिकारी. त्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती, आणि तो निर्दोष आहे की नाही यावरून घराघरांत भांडणं लागली होती. जिफार ड्रेफसच्या बाजूचा. पण त्याच्या पेपरचे मोठे जाहिरातदार म्हणजे मोटार, सायकल आणि टायरचे कारखानदार. त्यांतले अनेक जण दुसऱ्या बाजूचे. मोटार कारखानदार काउंट द दियाँ हा त्यांचा म्होरक्या.

जून १८९९ मध्ये ओतेय इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राष्ट्राध्यक्ष लुबे यांच्यावर काठीने हल्ला झाला. त्या दंग्यात द दियाँ पकडला गेला आणि त्याला पंधरा दिवसांची कैद झाली. जिफारने त्यावर सणसणीत टीका केली. द दियाँने जाहिराती काढून घेतल्या आणि टायरवाले मिशलँ वगैरे मंडळींना सोबत घेऊन स्वतःचाच पेपर काढला. १६ ऑक्टोबर १९०० रोजी 'लोतो-व्हेलो'चा पहिला अंक बाजारात आला. स्पर्धकाचा कागद हिरवा, म्हणून यांचा पिवळा. संपादक म्हणून आणलं आंरी देग्रांजला. हा स्वतः सायकलपटू. १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला होता.

म्हणजे 'खेळात राजकारण नको' असं म्हणणाऱ्यांसाठी पहिला धडा: फ्रान्सचं सर्वांत नावाजलेलं क्रीडा दैनिक राजकीय भांडणातून जन्माला आलं, आणि त्याचे पैसे कारखानदारांनी घातले. अंकात राजकारणाचा शब्द नसला तरी कागदाच्या मागे ते होतंच.

जेवणाच्या टेबलावर सुचलेली कल्पना

नवा पेपर चालेना. त्यात जिफारने नावावरून खटला भरला, आणि जानेवारी १९०३ मध्ये कोर्टाने 'व्हेलो' हा शब्द काढायला लावला. उरलं नुसतं 'लोतो', म्हणजे 'मोटार'. सायकलचे वाचक हवेत आणि नावात सायकलच नाही! मोठी पंचाईत.

यातून सुटायची वाट दोन महिने आधीच सुचलेली होती. २० नोव्हेंबर १९०२ रोजी देग्रांज आपल्या तरुण वार्ताहराला, जेओ लफेव्रला, घेऊन जेवायला गेला होता. लफेव्र तेव्हा पंचविशीतला. त्याने सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला फेरी घालणारी, अनेक दिवस चालणारी शर्यत घेऊ. देग्रांजला वाटलं, हिशेब सांभाळणारा व्हिक्टर गोदे पैसे देणार नाही. पण गोदेला कल्पना आवडली. जानेवारी १९०३ मध्ये 'लोतो'ने घोषणा केली: टूर द फ्रान्स.

सुरुवातीला नाव नोंदवणारे फारच थोडे निघाले. मग तारखा पुढे ढकलल्या, प्रवेश शुल्क २० फ्रँकवरून १० केलं, रोजचा भत्ता देऊ केला. १ ते १९ जुलै १९०३ या काळात सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर. निघाले ६० जण, शेवटपर्यंत पोचले २१. जिंकला मोरिस गारँ. पेपरचा खप २५ हजारांच्या आसपास होता तो ६५ हजारांवर गेला असं सांगतात. १९०४ मध्ये 'ल व्हेलो' बंद पडलं.

संशोधकाने इथे एक तपशील टिपून ठेवावा. त्या पहिल्या शर्यतीत देग्रांज स्पर्धकांबरोबर फिरला नाही. फिरला लफेव्र, कधी सायकलवर, कधी आगगाडीने. शर्यत चालवणारा तो, वेळ नोंदवणारा तो, निकाल देणारा तो, आणि रात्री बसून बातमी लिहिणाराही तोच. तुमच्या प्रयोगात उपकरण लावणारा, वाचन घेणारा, निष्कर्ष काढणारा आणि शोधनिबंध तपासणारा एकच माणूस असेल तर मार्गदर्शक काय म्हणतील? १९०३ च्या टूरचं मुख्य लेखी साधन असं आहे. ते फेकून द्यायचं नाही, पण कशाचा पुरावा म्हणून वापरतोय हे ठरवूनच वापरायचं.

दुसऱ्याच वर्षी याचा प्रत्यय आला. १९०४ च्या शर्यतीत रस्त्यावर खिळे टाकले गेले, रात्री अंधारात प्रेक्षकांनी स्पर्धकांना मारहाण केली, आणि काहींनी मधला प्रवास भलत्याच मार्गाने केल्याचे आरोप झाले. डिसेंबरमध्ये पहिले चारही विजेते बाद ठरले. विजेतेपद एकोणीस वर्षांच्या आंरी कॉर्नेला मिळालं. हा निर्णय पेपरने घेतला नव्हता, सायकल महासंघाने घेतला होता. पेपरच्या बाहेर कोणीतरी मोजणारा होता, म्हणून ते पुढे आलं.

आकडे कोणाचे, आठवणी कोणाच्या

पुढची तीस वर्षं 'लोतो'च्या भरभराटीची. १९०८ पर्यंत खप अडीच लाख, १९२३ मध्ये पाच लाख, आणि १९३३ च्या टूरच्या दिवसांत ८,५४,०००. हे आकडे सगळीकडे दिलेले सापडतील. पण शेवटचा विक्रमी आकडा कोणी सांगितला? देग्रांजनेच. म्हणून प्रबंधात 'खप ८,५४,००० होता' असं लिहू नका. 'देग्रांजच्या दाव्यानुसार' हे दोन शब्द जोडा. परीक्षकाचं लक्ष अशा दोन शब्दांवर जातं.

पिवळ्या जर्सीचंही तसंच. १९१९ मध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाला ओळखू यावं म्हणून पिवळी जर्सी दिली गेली. पहिली घातली अजेन क्रिस्तॉफने. रंग पिवळा, कारण पेपरचा कागद पिवळा. गोष्ट इतकी सुबक आहे की कोणी पुढे विचारत नाही. पण बेल्जियमचा फिलिप तीस म्हणून विजेता होता. त्याने १९५० च्या दशकात, म्हातारपणी, सांगितलं की आपण १९१३ मध्येच पिवळी जर्सी घातली होती. त्या काळच्या लेखी नोंदीत त्याला दुजोरा मिळत नाही. आता एका बाजूला समकालीन छापील नोंद आहे, तीही शर्यतीच्या मालकाचीच. दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांनंतरची आठवण आहे. आपण कशाला किती वजन द्यायचं? समकालीन नोंदीचं पारडं जड, हे खरं. पण तीसचा दावा तळटीपेत तरी राहिलाच पाहिजे.

तिसरं उदाहरण १९२४ चं. त्या वर्षी आंरी पेलिसिए हा नामांकित स्पर्धक जर्सीच्या एका किरकोळ नियमावरून चिडला आणि भावासह शर्यत सोडून गेला. 'ल पती पारिझियँ' या सर्वसाधारण दैनिकाचा आल्बेर लाँद्र त्यांना एका कॅफेत गाठायला पोचला. लाँद्र खेळाचा पत्रकार नव्हताच. आदल्याच वर्षी तो केयेनच्या काळ्या पाण्याच्या कैद्यांवर लिहून आला होता. पेलिसिए बंधूंनी त्याला पिशव्या उघडून दाखवल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्या. खेळाडूंच्या हालांचं हे चित्र बाहेरच्या माणसामुळे जगापुढे आलं. मग बाहेरचा माणूस म्हणजे खरा, असं समजायचं का? तेही नाही. पुढे फ्रान्सिस पेलिसिएने सांगितलं की लाँद्रला सायकलिंगमधलं काही कळत नव्हतं, आम्ही त्याची थोडी गंमतच केली. आतल्या माणसाचा हितसंबंध असतो, बाहेरच्याचं अज्ञान असतं. म्हणून दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचायची.

पिवळ्याचा पांढरा

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. त्याच ऑगस्टमध्ये देग्रांज वारला. सूत्रं हिशेबनीस गोदेच्या मुलाकडे, जाक गोदेकडे आली. टूर बंद राहिली. गोदेने जर्मन अमलात ती भरवायला नकार दिला. पण पेपर निघत राहिला, आणि त्याचे बरेच भाग जर्मन हातात गेले होते. याच काळात, १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी, पॅरिसच्या पोलिसांनी तेरा हजारांवर ज्यूंना पकडलं. त्यांतल्या हजारो बायका-मुलांना व्हेलोड्रोम दिव्हेरमध्ये कोंडलं. देग्रांजच्या पुढाकाराने १९१० मध्ये उभं राहिलेलं सायकल शर्यतींचं छपराखालचं हे मैदान. तिथून त्यांची रवानगी छावण्यांत झाली. ज्या जागेचं वर्णन क्रीडापानांनी वर्षानुवर्षं गर्दी आणि जल्लोष असं केलं, तिचा हा इतिहास क्रीडापानांत शोधून सापडणार नाही. साधन काय सांगतं याइतकंच ते कुठे गप्प बसतं हेही नोंदवायचं असतं.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं. परक्या अमलाखाली निघत राहिलेल्या पेपरांवर बंदी आली, त्यात 'लोतो'ही गेलं. पण क्रीडा दैनिकाची जागा रिकामी होती. जाक गोदेच्या मागे एमिलियाँ आमोरी उभा राहिला. तो भूमिगत चळवळीतला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. २८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'लेकिप' निघालं. नाव नवं, आणि अट अशी की कागद पिवळा नको, पांढरा हवा. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, पुढे रोज. १९४७ मध्ये टूर पुन्हा सुरू झाली. कागद बदलला, पण माणसं, अनुभव आणि शर्यत तीच. पत ही कागदाच्या रंगात नव्हतीच, ती त्या जुलै महिन्यात होती.

शर्यतीवरून फुटबॉलकडे

शर्यत तयार करून पेपर मोठा करायची विद्या 'लेकिप'ने पुढे फुटबॉलला लावली. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वूल्व्ह्ज संघाने हंगेरीच्या होनवेदला ३-२ असं हरवलं आणि इंग्रजी पेपरांनी त्यांना जगज्जेते ठरवून टाकलं. 'लेकिप'च्या गाब्रिएल आनोने लिहिलं की एका सामन्यावरून हे कसं ठरवता? घरी-दारी खेळवा, युरोपची स्पर्धा घ्या. पेपर नुसता लिहून थांबला नाही. एप्रिल १९५५ मध्ये क्लबांच्या प्रतिनिधींना पॅरिसला बोलावलं, नियमांचा आराखडा केला. मग युरोपच्या महासंघाने स्पर्धा हाती घेतली. १९५६ च्या पहिल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने रांसला ४-३ असं हरवलं. आज आपण ज्याला चॅम्पियन्स लीग म्हणतो, तिचं मूळ इथे आहे.

आनोचा आक्षेप संशोधनाच्या भाषेत सांगायचा तर 'नमुना एकच, आणि तोही यजमानांच्या मैदानावरचा'. अगदी शास्त्रीय आक्षेप. पण या आक्षेपातून पेपरला वर्षभराची बातमी मिळणार होती हेही तितकंच खरं. मुद्दा बरोबर असणं आणि मुद्दा मांडणाऱ्याचा फायदा असणं, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे नीट समजलं की साधनांची चिकित्सा म्हणजे दोष काढणं नव्हे, हेही समजतं.

खप आणि पत यांची सांगड दरवेळी बसत नाही, याचं उदाहरण १९९८. विश्वचषकाआधी 'लेकिप'ने प्रशिक्षक एमे जाके यांच्यावर महिनोन् महिने टीकेची झोड उठवली होती. फ्रान्सने चषक जिंकला. दुसऱ्या दिवशी, १३ जुलैला, पेपरच्या १६ लाखांवर प्रती खपल्या. संपादकाला जाहीर माफी मागावी लागली, आणि जाके यांनी ती स्वीकारली नाही. पेपरचा सर्वाधिक खपाचा दिवस हाच त्याचा अंदाज सपशेल चुकल्याचाही दिवस होता.

गोठवलेले नमुने आणि सहा क्रमांक

आता विज्ञानवाल्यांनी नीट लक्ष द्या. २३ ऑगस्ट २००५ रोजी 'लेकिप'ने पहिल्या पानावर लान्स आर्मस्ट्राँगचं खोटं उघड केल्याचं छापलं. आर्मस्ट्राँगने सात टूर जिंकल्या होत्या आणि महिनाभरापूर्वीच निवृत्ती घेतली होती.

बातमीची रीत बघण्यासारखी आहे. १९९९ च्या टूरमधले लघवीचे नमुने पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री इथल्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवले होते. इपीओ, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं संप्रेरक, पकडायची चाचणी १९९९ मध्ये वापरात नव्हती. पुढे ती सुधारण्यासाठी संशोधन म्हणून हे जुने नमुने पुन्हा तपासले गेले. प्रयोगशाळेकडे नावं नव्हती, फक्त सांकेतिक क्रमांक. दामियँ रेसिओ या वार्ताहराने प्रयोगशाळेचे निकाल मिळवले. दुसरीकडून शर्यतीच्या वेळी भरलेले चाचणीचे अर्ज मिळवले, ज्यांवर खेळाडूचं नाव आणि क्रमांक दोन्ही होते. दोन तक्ते शेजारी ठेवले. सहा क्रमांक आर्मस्ट्राँगचे निघाले.

इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली: ही बातमी पेपरने स्वतःच्या हिताविरुद्ध दिली. 'लेकिप' आणि टूर द फ्रान्स दोन्ही आमोरी समूहाच्या मालकीची. आपल्याच शर्यतीच्या सात विजयांवर डाग पाडणारी साक्ष ती. साधनचिकित्सेत अशा साक्षीला जास्त वजन देतात. (नायक निवृत्त झाल्यावरच ती आली, हेही कंसात लिहून ठेवा.) दुसरी: पुरावा कायद्याच्या कसोटीवर टिकला नाही. सायकल महासंघाने नेमलेल्या चौकशीने २००६ मध्ये सांगितलं की संशोधनासाठी केलेली चाचणी शिक्षेचा आधार होऊ शकत नाही. नमुन्यांची हाताळणी आणि दुसरी पडताळणी त्या पद्धतीने झालीच नव्हती. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेने त्या चौकशीवर कडक टीका केली. शेवटी २०१२ मध्ये अमेरिकी संस्थेच्या तपासातून, सहकाऱ्यांच्या साक्षींवरून, सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि २०१३ मध्ये आर्मस्ट्राँगने कबुली दिली. म्हणजे 'सत्य असणं' आणि 'सिद्ध होणं' यांच्यात सात वर्षांचं अंतर पडलं.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या रोजच्या कामाची. सांकेतिक क्रमांक दिला म्हणजे नमुना निनावी झाला, असं आपण समजतो. नाही. जगात कुठेतरी क्रमांक आणि नाव एकत्र असलेला एक कागद असेल, तर तो नमुना निनावी नसतो, फक्त झाकलेला असतो. उद्या तुम्ही यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी कराल. फॉर्मवर 'बी-०१७' लिहाल आणि हजेरीपटाच्या वहीत त्याच क्रमांकापुढे नाव. ती वही मालकाच्या हाती लागली तर कोणाची नोकरी जाईल? आर्मस्ट्राँगकडे वकील होते. बी-०१७ कडे कोणी नसतं. नैतिकता समितीचा अर्ज भरताना कंटाळा आला की ही बातमी आठवा.

मग आपल्याकडे काय झालं?

पेपरने स्पर्धा भरवायची ही रीत मुंबईलाही माहीत होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून 'टाइम्स ऑफ इंडिया'ने कार्यालयांच्या क्रिकेट संघांसाठी टाइम्स शील्ड भरवली. गिरण्या, बँका, कंपन्या आपापले संघ उतरवायच्या, आणि त्यासाठी खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. सुनील गावसकर ज्या निरलॉनमध्ये होते ती कंपनी कृत्रिम धाग्याची. रूबेचे कापडवाले आणि मुंबईचे धागेवाले, दोघांनाही खेळातलं नाव हवं होतं. पण शील्ड भरवणारा पेपर सर्वसाधारण होता. त्याचं पोट त्या एका स्पर्धेवर अवलंबून नव्हतं.

मराठीत काम झालं ते पानाच्या रूपात. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' निघालं. तिथे वि. वि. करमरकरांनी क्रीडापानाला स्वतःची ओळख दिली, क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्तीला मानाने बसवलं. मराठी समालोचनातूनही ते घराघरांत पोचले. मार्च २०२३ मध्ये ते गेले. इंग्रजीत खालिद अन्सारी यांनी १९६८ मध्ये मुंबईहून 'स्पोर्ट्सवीक' हे साप्ताहिक काढलं. त्यांचे वडील अब्दुल हमीद अन्सारी 'इन्किलाब' या उर्दू दैनिकाचे संस्थापक, म्हणजे आपल्या भिवंडीतल्या कित्येक घरांच्या ओळखीचं नाव. पुढे याच घरातून १९७९ मध्ये 'मिड-डे' निघालं. मराठीत संदीप पाटील यांच्या संपादनाखालचं 'एकच षटकार' कित्येकांनी जपून ठेवलं असेल. पान झालं, साप्ताहिक झालं, मासिकं झाली. रोजचा अंक मात्र रुजला नाही.

माझं गृहीतक असं: क्रीडा दैनिक खेळप्रेमावर चालत नाही, ते स्वतःच्या मालकीच्या घटनेवर उभं राहतं. 'लोतो'ला जुलै महिना स्वतःचा होता. आपल्याकडे घटना आधीच वाटल्या गेल्या होत्या. क्रिकेट जिमखान्यांकडे आणि असोसिएशनकडे, कबड्डी गावोगावच्या मंडळांकडे, कुस्ती तालमींकडे आणि जत्रांकडे. शिवाय भाषा. एकाच भिवंडीत एकाच सामन्याची बातमी कोणी मराठीत, कोणी उर्दूत, कोणी हिंदीत, तर पद्मानगरात कोणी तेलुगूत वाचतो. एका भाषेत अख्खं गावच हाती येत नाही, मग देश कसा येणार?

हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते तपासता येतं, आणि तपासल्यावर मोडूही शकतं. म्हणूनच ते तुमच्यापुढे ठेवतोय.

जुनं वर्तमानपत्र हाती आलं की

पुढच्या वेळी एखादी जुनी क्रीडाबातमी पुरावा म्हणून घ्याल तेव्हा वहीत चार ओळी आखा.

१. ही घटना भरवली कोणी, आणि बातमी छापणाऱ्याचा तिच्याशी काय संबंध?

२. आकडा मोजला कोणी? मोजणाराच विकणारा असेल तर 'दाव्यानुसार' लिहिलं का?

३. हीच घटना दुसऱ्या भाषेच्या किंवा दुसऱ्या धाटणीच्या पेपरात कशी आली आहे?

४. पेपर कशाबद्दल गप्प आहे?

साधनं मिळत नाहीत ही सबब फारशी चालणार नाही. 'लोतो'चे जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गॅलिका या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. फ्रेंच येत नसलं तरी निकालांचे तक्ते आणि जाहिराती वाचता येतात. जाहिरातीत सायकल आणि टायरवाले किती जागा अडवून बसलेत ते नुसतं मोजा, अर्धा इतिहास तिथेच आहे. मराठी नियतकालिकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्या इथून तासा-दीड तासाचा प्रवास.

सुरुवात छोटी करा. एक स्पर्धा, एक वर्ष, दोन भाषांतले दोन पेपर. आपल्या तालुक्यातली कबड्डीची एखादी जुनी स्पर्धा घेतलीत तरी पुरे. बक्षिसाचा चषक कोणी दिला, मंडपाचा खर्च कोणी उचलला आणि बातमी कोणाच्या नावाने आली, एवढंच शोधा. तीनही ठिकाणी एकच आडनाव निघालं, तर समजा तुम्हाला विषय मिळाला.